होळी विझल्यावरचं बोलणं

२१ एप्रिल २०२५, सोमवार

बार असोसिएशनच्या डायरीत फक्त कोर्टाच्या तारखा लिहायच्या, अशी माझी सव्वीस वर्षांची सवय. ही दुसरी वही आजच्या प्रकरणासाठी काढली. बायको, रंजिता, म्हणाली, "तू कधीपासून डायरी लिहायला लागलास?" मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टेबलावर राज्यघटनेचं कलम एकोणीस आलंय, त्याचा काही मान ठेवायला नको?

पनवेल कोर्टात मी सातबारा, वारसनोंदी, बक्षीसपत्रं आणि फ्लॅटचे करारनामे यांवर संसार केला. राज्यघटना कॉलेजात परीक्षेपुरती वाचली आणि पुस्तक धाकट्या भावाला देऊन टाकलं. आज तालुका विधी सेवा समितीचं पत्र आलं. आरोपी गोदू, वय अठ्ठावन्न, विचुंब्याजवळच्या पाड्यावर राहते. तक्रारदार हरेश, बांधकाम व्यावसायिक. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, बदनामी. नव्या कायद्याप्रमाणे तक्रार दाखल करून घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, त्याची नोटीस आहे.

बाईंनी अर्जात वकील म्हणून माझंच नाव मागितलंय. का ते कळलं नाही. माझी कीर्ती पाड्यापर्यंत पोचली असावी.

हरेशच्या इमारतींचे करारनामे मी करतो. आमचा फ्लॅटही त्याच्याच इमारतीतला. पण कोर्टात मी त्याचा वकील कधीच नव्हतो, तेव्हा अडचण काही नाही. समितीला तसं लेखी कळवलं आणि मोकळा झालो.

२४ एप्रिल

गोदूमावशी आल्या. सोबत भाची कोमल, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावशी बारीक आणि काटक. हातात प्लास्टिकची पिशवी, कागदांनी फुगलेली. बसायच्या आधी त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. मी बाजूला सरकवली. पक्षकारांच्या अशा पिशवीत रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत सगळं असतं, नेमका हवा तो कागद सोडून. म्हटलं, सावकाश बघू.

प्रकरण असं. २०१९ च्या जुलैत मावशींचा मुलगा प्रितम, वय तेवीस, उरणच्या कंटेनर यार्डातली पाळी संपवून घरी येत होता. हरेशचं बांधकाम चालू होतं, पायाचा खड्डा पावसानं तुडुंब भरला होता. त्यात पडला. दुसऱ्या दिवशी सापडला. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली आणि फाइल मिटली. यंदा फेब्रुवारीत गावात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला, हरेश प्रमुख पाहुणा. भाषणात त्यानं उदाहरण दिलं, आपल्या गावचाच प्रितम बघा, दारू पिऊन खड्ड्यात गेला. त्या कार्यक्रमाला मीही होतो. भाषण विशेष लक्षात नाही, जेवण चांगलं होतं.

मग होळी आली. पाड्याची रीत मी ऐकून आहे. होळी पेटली की मनात ज्याचा राग असेल त्याच्या नावानं बोंब मारायची. सुनेनं सासूच्या, गड्यानं मालकाच्या. काहीही बोललं तरी कुणी मनात धरायचं नाही. होळीत म्हटलेलं होळीत जळतं. सकाळी राख कपाळाला लावली की पुन्हा जिथल्या तिथे.

मावशींनी नेमकी वेळ चुकवली. होळीसमोर गप्प राहिल्या आणि धुळवडीच्या सकाळी, राख निवल्यावर, ग्रामपंचायतीसमोर उभं राहून बोलल्या. वर कोमलनं त्याचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. मी तो तीनदा पाहिला. सुरुवातच पंचनाम्यासारखी: "आज शुक्रवार, धुलवड, सकालचे नऊ वाजलेत. मी गोदू. मी शुद्धीत हाय." आणि पुढे: "हरेशच्या खड्ड्याला कुंपान नवतं. माजा पोऱ्या त्यात मेला. तो पिऊन नवता. हरेश खोटं बोलला." संपलं. ना शिवी, ना रडणं.

मी कोमलला म्हटलं, व्हिडिओ कशाला टाकलात? त्यांच्या हाती आयतं कोलीत दिलंत.

ती म्हणाली, "आत्यानंच सांगितलं होतं, सर. वेळ दिसेल असा काढ म्हणाली."

कपाळाला हात लावला. सारी चूक वेळेची, आणि ती वेळच कॅमेऱ्यात बांधून ठेवली.

२७ एप्रिल, रविवार

सकाळपासून घटना घेऊन बसलो. कलम एकोणीस, पोटकलम एक, अ. सर्व नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. वाचताना छाती फुगते. मग पोटकलम दोन येतं आणि निर्बंधांची यादी. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. कुणाचं तोंड बंद करायचं असेल तर सरकारला या आठांपैकी एका दारानंच यावं लागतं, शिवाय निर्बंध वाजवी असावा लागतो. नववं दार नाही. सव्वीस वर्षं हे घर माझ्या शेजारी होतं आणि मी कधी डोकावलो नाही, याचं वाईट वाटलं.

पण बदनामी त्या यादीतच ठाण मांडून बसलेली आहे. फौजदारी बदनामीचं कलम घटनेत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच सांगितलं. माणसाची अब्रू हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, म्हणून. तेव्हा कलमाशी भांडण्यात अर्थ नाही. मावशींचं बोलणं बदनामी नव्हेच, हे दाखवायला हवं.

मार्ग दोन. एक म्हणजे कायद्यातला पहिला अपवाद: बोललेलं खरं आहे आणि ते लोकांपुढे येणं लोकहिताचं आहे. पण ते खरं करून दाखवायचं ओझं आपल्या डोक्यावर. बुजलेला खड्डा कोर्टात कुठून आणू? दुसरा मार्ग माझ्या डोक्यातून निघाला आणि खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश झालो. हे शिमग्याचं बोलणं आहे. रीतीनं मारलेली बोंब म्हणजे घडलेल्या गोष्टीचं विधान नव्हे. ऐकणारा शहाणा माणूस ती खरी धरत नाही, मग अब्रू जाईलच कशी? धुळवड म्हणजेही शिमगाच. दहाबारा तासांचा फरक मी भरून काढीन.

रंजिता शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. तिला समजावून सांगितलं की मत, टोमणा, अतिशयोक्ती, थट्टा यांना कायदा बराच मोकळा सोडतो, कारण ती खरी-खोटी ठरवता येत नाहीत. शिवीची कलमं वेगळी, पण बदनामी म्हणून कायदा हात घालतो तो ठाम विधानाला. अमुक ठिकाणी अमुक घडलं, अशा बोलण्याला.

ती वह्या तपासत होती. म्हणाली, "म्हणजे जे खरं असू शकतं त्यालाच जास्त धोका."

"तसं नाही गं."

"मग कसं? तुझ्या बचावात त्या बाईचं बोलणं वाचतं की नुसती बाई वाचते?"

मी म्हटलं, बाई वाचली की झालं, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोनतीन वह्या झाल्यावर तिनं विचारलं, "तो खड्डा कुठे होता?"

मी सांगितलं, आपल्याच इमारतीचा. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे आता लिफ्ट आहे तिथे.

४ मे

रंजितानं लिफ्ट सोडली आहे. आठवडा झाला, चार मजले चढून येते, पिशव्या घेऊनसुद्धा. वजन मनावर घेतलेलं दिसतं. मीही घ्यायला हवं.

९ मे

शहजादकडे चहा. हरेशचा वकील तोच. आमची वीस वर्षांची मैत्री. समोरासमोर उभे राहिलो तरी नंतरचा चहा चुकत नाही. माझं लेखी म्हणणं त्याला देऊन दोन दिवस झाले होते.

"खूबसूरत लिहिलंयस," तो म्हणाला. "हरेशला वाचून दाखवलं. त्यालाही पसंत पडलं."

मी मनातून सुखावलो. विरुद्ध पक्षालाही पटावा असा बचाव आजवर जमला नव्हता.

शहजाद कप बशीत फिरवत राहिला. "शैलेश, मेरे भाई, तुझा बचाव माझ्या पार्टीला आवडला. यावर जरा गौर कर."

हा नेहमीच कोड्यात बोलतो. त्याच्या अब्बांना शायरीचा नाद होता, त्याचा परिणाम.

१६ मे

पाण्याची बोंब आहे म्हणून हरेश स्वतः टँकर घेऊन सोसायटीत आला. एवढा मोठा झाला पण पाय जमिनीवर आहेत. आजोबा मिठागरात राबले, जमिनी संपादनात गेल्या, मिळालेल्या मोबदल्यातून यानं एकेक इमारत उभी केली. मला पार्किंगमध्ये बाजूला घेऊन म्हणाला, "वकीलसाहेब, त्या म्हातारीला कोर्टात फिरवायची मला हौस नाय. नात्यानं काकीच लागते ती माझी. पण गावात मी तोंड कसं दाखवू? तिनं एवढंच लिहून द्यावं, शिमग्याच्या भरात बोलले. मी तक्रार मागे घेतो."

मी विचारलं, "भाषणात त्याचं नाव घ्यायची गरज होती का?"

"अहो, पोरं सुधारावीत म्हणून बोललो. सगळेच म्हणत होते तसं." मग म्हणाला, "माझ्यापण डोळ्यांपुढून ते जात नाय. पावसात कोण कुठं लक्ष ठेवणार."

त्याचं म्हणणं माणुसकीला धरून आहे. शिवाय त्याला हवं ते वाक्य माझ्याच लेखी म्हणण्यातलं आहे. रात्रीच्या जेवणाआधी कागद तयार केला: "मी शिमग्याच्या भरात, रीतीप्रमाणे बोलले. वस्तुस्थिती सांगण्याचा माझा हेतू नव्हता." चार ओळींत प्रकरण संपतं. रंजिताला दाखवला. तिनं वाचून परत दिला आणि भात वाढला.

२३ मे

मावशींना बोलावलं. कोमलनं कागद वाचला. मावशींनी पुन्हा वाचायला लावला.

"वस्तुस्थिती म्हंजे काय?"

"म्हणजे खरं काय घडलं ते."

"म्हंजे खरं सांगायचा माजा इचारच नवता, असं लिवलंय?"

मी म्हटलं, मावशी, कागदावर तसं लिहावं लागतं. तुम्ही सुटता, हरेशचा मान राहतो, गाव शांत. कोर्ट म्हणजे चार-पाच वर्षं पायपीट, आणि उलटं गेलं तर तुरुंग.

त्यांनी कागद कोमलच्या हातातून घेतला. "वकील, माजा पोऱ्या देव नवता. कदी कदी प्यायचा तो. मी भांडायची त्याच्याशी. त्या दिवशी नवता प्यायला." मग कागदाची घडी घातली. "आता सही नाय करत. मोठे सायेब मला इचारतील ना?"

"विचारतीलही. विचारलं तर एवढंच सांगा, शिमग्याचं बोलले. घाबरायचं नाही."

त्यांनी मान हलवली. घाबरल्या आहेत बिचाऱ्या. समोर न्यायाधीश बसले की सही करायलाही तयार होतील. जाताना पिशवीकडे बोट दाखवलं. "ती बगितली काय?"

बघतो म्हटलं. कपाटावर ठेवली आहे.

१७ जून

कोर्टातून आलो तो थेट वही काढली.

आमचा पुकारा बारा वाजता झाला. मी पाऊण तास बोललो. इतकं चांगलं मी कधीच बोललो नाही. पोटकलम एक, पोटकलम दोन, चर्चा आणि चिथावणी यांतला फरक, गावाची रीत, ती किती जुनी, तिच्यात शब्दांचा अर्थ कसा नेहमीचा राहत नाही. मागच्या बाकांवरचे ज्युनिअर मोबाइल खाली ठेवून ऐकत होते. शहजादनं फारसा विरोध केला नाही. हरेश हात जोडून बसला होता.

मॅजिस्ट्रेट बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग चष्मा काढून मावशींना विचारलं, "आजी, तुमचे वकील म्हणतात तुम्ही होळीच्या रीतीप्रमाणे बोललात. बरोबर?"

मी मावशींकडे पाहून मान हलवली. आम्ही ठरवल्याप्रमाणे.

मावशी पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "नाय, सायेब."

"म्हणजे?"

"होली जलत होती तवा मी गप होते. समदी बोंबलत होती. कोमल बोल्ली, आत्या, तू पन मार. मी नाय मारली. होलीत बोललेलं होलीत जलतं, सायेब. हसतात आन् घरी जातात. सा वर्सं मी पोलिसात जाऊन बोलले, पंचायतीत बोलले, कोनी लिवून घेतलं नाय. होलीत बोलले असते तर त्ये पन जललं असतं. मंग मी रात काडली. राख थंड झाली, समद्यांनी तोंडं धुतली, तवा जाऊन बोलले. मला म्हाईत होतं हरेश कोर्टात नेईल. नेऊ दे. हितं तरी कोनी इचारील, कुंपान होतं का नवतं."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, यात शिक्षा होऊ शकते?"

"वकील बोलले मला. व्हय."

"तरी तुम्ही म्हणता ते रीतीचं बोलणं नव्हतं?"

"रीतीचं नवतं. खरं होतं."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. दुपारनंतर आदेश आला. तक्रार दाखल, खटला चालणार. मावशींच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू पाहिलं, आणि ते पाहून माझं डोकं फिरलं. बाहेर आल्यावर मी त्यांना फार बोललो. माझी सव्वीस वर्षांची इज्जत पाऊण मिनिटात घालवलीत, असंही म्हणालो. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी लय चांगलं बोललात, वकील. पर ते माजं नवतं."

१८ जून

रंजिता म्हणते, आता तरी पिशवी उघड.

पिशवीत रेशनकार्ड नव्हतं. पोलीस ठाण्यात दिलेल्या सहा अर्जांच्या पोचपावत्या. ग्रामपंचायतीला दिलेले दोन. खड्ड्याचा एक फोटो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढलेला, पाण्याच्या कडेला माणसं उभी, कुंपण कुठेच नाही. आणि सर्वांत खाली, वेगळ्या पाकिटात, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. कोमलनं माहिती अधिकारात मागून गेल्या डिसेंबरात मिळवलेला. व्हिसेऱ्यात मद्यार्क आढळला नाही.

हा कागद दोन महिने माझ्या कपाटावर होता.

मग कलम ३५६ पुन्हा काढलं. पहिल्या अपवादासाठी लागतं ते सगळं या पिशवीत आहे. त्याच कलमाला एक स्पष्टीकरणही आहे. मेलेल्या माणसाविषयी बोललेलंही बदनामी ठरू शकतं, जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती आणि घरच्यांना दुखवायच्या हेतूनं बोललं असेल तर. हरेशचा हेतू तसा होता असं मला वाटत नाही. पण अब्रू प्रितमलाही होती, हे कायद्यानं माझ्या आधी लिहून ठेवलंय.

आज जिन्यानं आलो. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली. रंजिता वरच्या पायरीवर थांबली होती. तिनं माझी बॅग घेतली आणि आम्ही उरलेला मजला चढलो.

२ जुलै

शिमग्याचा बचाव मागे घेऊन सत्याचा बचाव घेतला. शहजादला कळवलं. तो म्हणाला, "देर से आया." त्यानं हरेशला तक्रार मागे घ्यायचा सल्ला दिला, असं मागाहून कळलं. हरेश म्हणाला, आता घेतली तर लोक म्हणतील खरंच होतं.

२९ सप्टेंबर

हरेशकडून जुलैपासून एकही करारनामा आला नाही. करारनाम्यांसाठी त्यानं वाशीचा वकील लावलाय. पुढच्या विंगचे सगळे फ्लॅट त्याच्याकडे गेले. सुरुवातीला झोप उडाली होती, आता येते.

२० जानेवारी २०२६

हरेशची उलटतपासणी. माझ्या यादीत एकतीस प्रश्न होते, लागले जेमतेम आठ.

खड्ड्याला कुंपण होतं का? पत्रे लावले होते. त्या दिवशी होते का? पावसानं पडले होते. पडल्यावर किती दिवसांनी पुन्हा लावले? आठवत नाही. म्हणजे प्रितम पडला तेव्हा कुंपण नव्हतं? इथे तो शहजादकडे बघायला लागला. शहजाद कागद चाळत होता. बाईंनी सांगितलं, उत्तर द्या. हरेश म्हणाला, "नव्हतं."

प्रितम प्यायलेला तुम्ही पाहिलात? नाही. कुणी पाहिलं? तसं सगळे म्हणत होते. त्या सगळ्यांतलं एक नाव सांगा. मग तो म्हणाला, "नाही सांगता येणार." मी अहवाल दाखवला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला. "हा मला माहीत नव्हता," म्हणाला, आणि मला वाटतं ते खरं होतं.

निकाल कधी आणि काय लागेल ते सांगता येत नाही. लोकहिताचा मुद्दा अजून लढवायचा आहे. पण मावशींचं त्याकडे लक्ष नव्हतं. बाहेर आल्याबरोबर विचारलं, "नवतं, असं बोलला तो. ते लिवलं काय?"

"लिहिलं. खाली त्याची सही आहे."

"शपथेवर?"

"शपथेवर."

त्या कोर्टाच्या पायरीवर बसल्या आणि तिथे रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. कोमल पाठीवर हात फिरवत होती. डोळे पुसून म्हणाल्या, त्या कागदाची नक्कल पायजे. उद्याच अर्ज देतो म्हटलं.

निघताना मी विचारलं, "मावशी, समितीकडे माझंच नाव का मागितलंत?"

"होलीला या पाड्यावर. सांगते."

३ मार्च

काल संध्याकाळी रंजिता आणि मी पाड्यावर गेलो. होळी दिवेलागणीला पेटली. नारळ पडले, पुरणपोळी पडली, मग बोंबा सुरू झाल्या. पाण्याच्या टाकीच्या नावानं, रिक्षा युनियनच्या नावानं, एका सुनेनं सासूच्या नावानं अशी मारली की सासूच हसून खाली बसली. हरेश पलीकडच्या बाजूला उभा होता. त्याच्या नावानंही दोघांनी बोंब मारली, त्यानं मान खाली घालून ऐकून घेतली.

मावशी पुढे आल्या. सगळे हरेशकडे बघायला लागले. मावशींनी माझ्याकडे बघितलं, तोंडावर हात मारला आणि म्हणाल्या, "शैलेश वकिलाच्या नावानं रं. माज्या मेल्या पोऱ्याला बेवडा बोलले, तवा वकील पुडच्या रांगंत बसून टाल्या वाजवीत होता."

पाड्यानं एकसुरात बोंब ठोकली. पोरंटोरं टाळ्या वाजवून दाखवायला लागली. मीही हसलो, हसायचंच असतं. मावशी भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा घेऊन आल्या आणि माझ्या हातावर ठेवला. "त्यासाठीच तुमचं नाव मागितलं होतं. तुमी ऐकलं होतं ना. आता जललं ते, वकील. खावा."

घरी येताना रंजितानं काही विचारलं नाही. पाड्यावरही कुणी कधी विचारणार नाही, रीतच तशी आहे. आज सकाळी उठलो, तोंड धुतलं आणि ही वही घेऊन बसलो.

आज मंगळवार, धुळवड, सकाळचे नऊ वाजलेत. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, रविवारी दुपारी, हरेश भाषणात प्रितमविषयी बोलला. मी भाषण ऐकत होतो. ते संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या. मी शुद्धीत होतो.